कार्यशाळा घ्या, पण आधी लॉगबुकं उघडा

पत्राचा सारांश: गोव्यातल्या एका महाविद्यालयात समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला शिकवणाऱ्या अध्यापिकेचं हे पत्र. केस प्रेझेंटेशनच्या वेळी एक विद्यार्थी म्हणाला, "घाटी पेशंट फॉलो-अपला येतच नाहीत, त्यांच्यावर सेशन्स घालवण्यात अर्थ नाही." ('घाटी' ही घाटापलीकडून आलेल्यांना हिणवणारी शिवी.) वर्ग हसला. त्याच वर्गात लमाणी समाजातली एक मुलगी आहे. आई किनाऱ्यावर आरसेकामाच्या पिशव्या आणि माळा विकते; मुलगी गोव्यातच जन्मली, इथेच शिकली. ती त्या दिवशी काही बोलली नाही, पण पुढच्या आठवड्यात तिने प्लेसमेंट, म्हणजे सरावाचं ठिकाण, बदलून मागितली. अध्यापिकेच्या मनात एक दिवसाची 'बहुसांस्कृतिक संवेदनशीलता' कार्यशाळा आणि जोडीला संस्कृती दिन घ्यायचं आहे. त्यात या मुलीने आपले अनुभव सांगावेत, असं त्यांना वाटतं. प्राचार्यांचं म्हणणं, "आमच्या गोंयांत असलें कांय ना, विषय वाढवूं नाकात." पत्रलेखिका विचारतात: कार्यशाळा कशी आखू? मुलीला बोलायला कसं तयार करू? आणि त्या मुलाचं काय करू?

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

---

मॅडम,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. "तिला कन्नड आणि लमाणी दोन्ही येतं म्हणून आम्ही तिला मुद्दाम त्या आरोग्य केंद्रात ठेवलं, बाकीच्यांनाही तिची मदत होते." एवढं लिहून तुम्ही लगेच त्या विनोदाकडे वळलात. मी मात्र तिथेच थांबलो.

मदत होते म्हणजे सकाळी साडेनऊला त्या केंद्राच्या बाकावर नेमकं काय होतं? ही मुलगी तिच्या पेशंटशी बोलत असते. शेजारच्या खोलीतून सहाध्यायी डोकावतो, "अगं, पाच मिनिटं ये, ही बाई काय म्हणते कळत नाही." पाच मिनिटांची चाळीस होतात. ती ऐकते, सांगते, परत विचारते, रडणाऱ्या बाईला सावरते. म्हणजे समुपदेशनच करते. केस लिहिली जाते त्या सहाध्यायाच्या लॉगबुकात, म्हणजे केसेसच्या नोंदवहीत, सही होते त्याच्या नावापुढे. ती आपल्या खोलीत परतते तोवर तिच्या पेशंटची बस गेलेली असते.

विनोद तिला लागला नसेल असं मी म्हणत नाही. पण प्लेसमेंट बदलून मागण्यामागे त्याहून साधं कारण असू शकतं: तिच्या केसेस भरत नाहीत. तेव्हा कार्यशाळेच्या तारखा बघण्याआधी वर्गाची सगळी लॉगबुकं एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. कुणाच्या किती केसेस, कुणी कुणासाठी दुभाष्याचं काम केलं, त्याची कुठे नोंद आहे का. बहुतेक नसेलच, कारण तसा रकानाच आपण ठेवत नाही.

ती नसते तेव्हा काय होतं, तेही विचारून घ्या. बऱ्याचदा पेशंटचं शाळकरी मूल पुढे केलं जातं. दुसरी-तिसरीतली पोर आईच्या झोपेबद्दल, बापाच्या दारूबद्दल, रात्रीच्या मारहाणीबद्दल आपल्या विद्यार्थ्याला कोकणीत सांगत असते. आई तिच्यासमोर निम्मं गिळून टाकते. मग फाइलीत शेरा पडतो, 'माहिती देण्यास टाळाटाळ'. दुसऱ्या खेपेला बाई आली नाही की त्याखाली 'नॉन-कंप्लायंट', म्हणजे उपचाराला सहकार्य न करणारी.

आता त्या विद्यार्थ्याचं वाक्य पुन्हा वाचा. त्याने वेगळं काय म्हटलं? फाइलीत जे गंभीर चेहऱ्याने लिहिलेलं असतं, तेच त्याने हसत हसत, आणि अर्थात शिवीसकट, बोलून दाखवलं. तुम्ही रागावला आहात त्या शिवीवर, आणि ते योग्यच आहे. पण शिवी काढून टाकली तरी उरलेलं वाक्य वर्गात कुणाला खटकलं असतं का? त्या प्रेझेंटेशनला त्याला किती मार्क पडले? मला वाटतं, बरेच पडले असतील. निदान नीट, मोजमापाच्या चाचण्या झाल्या, स्लाइड्स स्वच्छ. ओपीडीची वेळ आणि तिच्या कामाची वेळ एकच आहे का, पुढची तारीख तिला कुठल्या भाषेत सांगितली, एक खेप चुकवली तर किती मजुरी बुडते, हे त्याला कुणी विचारलं नाही. आपल्या छापील केस-नमुन्यातही तो प्रश्न नाही, आणि ज्याला मार्क नाहीत ते पदव्युत्तर विद्यार्थी करत नाही. आपणही त्या वयात करत नव्हतो.

तुमच्या पत्रामागे एक गृहीतक आहे: अभ्यासक्रम ठीक आहे, विद्यार्थ्यांची मनं तेवढी जरा घडवायला हवीत. मला ते उलट वाटतं. मुलं बरीचशी बरी असतात. ती आमच्याकडे येऊन काय शिकतात, ते तपासायला हवं.

हे मी हवेत बोलत नाही. वंशभेदाचा प्रश्न अमेरिकेतल्या व्यावसायिक प्रशिक्षणात फार उघडपणे मांडला गेला आहे, आणि तिथला अनुभव आपल्या कामाचा आहे. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २२२ गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली, त्यांतली काही साफ खोटी. उदाहरणार्थ, काळ्या माणसाची कातडी गोऱ्यांपेक्षा जाड असते. निम्म्या जणांना त्यांतलं निदान एक तरी खरं वाटलं, आणि अशा समजुती असलेल्यांनी काळ्या पेशंटची वेदना कमी धरून उपचारही कमी नेमके सुचवले. हे अडाणी नव्हते, निवडून घेतलेले हुशार विद्यार्थी होते. मानसशास्त्राच्या बाबतीत तर अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेनेच २०२१ मध्ये वंशभेदाला हातभार लावल्याबद्दल जाहीर माफी मागितली. म्हणजे आपण ज्या शाखेच्या चाचण्या आणि सिद्धांत शिकवतो, तिने स्वतःच हे मान्य केलं आहे. तुमच्या पहिल्या सत्राच्या पेपरात याला एक तास द्या, पाहुण्या वक्त्याविना.

आणि कार्यशाळा? त्याच २०१६ साली मनात नकळत बसलेला वांशिक पूर्वग्रह कमी करण्याच्या नऊ पद्धती सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर तपासल्या गेल्या. नऊच्या नऊ लगेच कामाला आल्या. काही तासांनी, काही दिवसांनी पुन्हा मोजलं, तेव्हा एकीचाही परिणाम टिकलेला नव्हता. म्हणून एका दिवसाच्या कार्यक्रमावर माझा फार जीव नाही. दुपारचं जेवण चांगलं असतं, प्रमाणपत्रं मिळतात, महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात एक फोटो जातो. घ्यायचीच असेल तर ती आधी शिक्षकांसाठी आणि प्लेसमेंटच्या ठिकाणच्या सुपरवायझरांसाठी घ्या. विषय एकच ठेवा: केस कशी ऐकायची आणि मार्क कशाला द्यायचे. त्याचा उपयोग होईल.

संस्कृती दिन मात्र नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. काय होईल ते मला आत्ता दिसतं. कुणी धालो करील, कुणी मांडो म्हणेल, कुणी नऊवारी नेसून येईल. आणि या मुलीला सांगितलं जाईल, "तू तुमचा तो आरशांचा ड्रेस घालून ये ना, किती छान दिसतो!" जे आरसेकाम तिची आई उन्हात उभी राहून पर्यटकांशी घासाघीस करत विकते, कधी पोलीस येताना दिसले की गाठोडं उचलून पळते. ते अंगावर घालून तिने प्रमुख पाहुण्यांना गुच्छ द्यायचा? बहुसांस्कृतिक असणं म्हणजे पोशाखाची रांग नव्हे. वर्गात लमाणी येणारी मुलगी असेल तर त्या ज्ञानाची किंमत मार्कात, मानधनात आणि श्रेयात दिसली पाहिजे.

तिने अनुभव सांगावेत, या कल्पनेबद्दलही तेच. तुमचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही. पण तिने प्रवेश घेतला तो समुपदेशक व्हायला, सहाध्याय्यांचं प्रबोधन करायला नाही. आज ती दुभाषी म्हणून फुकट राबते, उद्या साक्षीदार म्हणून राबेल. शिवाय ज्यांच्यासमोर ती बोलेल तेच तिचे परीक्षक आहेत. तिथे मोकळेपणाने बोलायचा धोका ती का पत्करील? तिला बोलवा, पण एकटीला आणि प्लेसमेंटबद्दल. "तुला त्रास झाला का?" असं विचारलंत तर ती "नाही मॅडम" म्हणेल. "तुझ्या केसेस किती झाल्या? इतरांसाठी किती वेळ जातो? प्लेसमेंट बदलली तर काय सोपं होईल?" असं विचारलंत तर उत्तर मिळेल. बदल हवा म्हणाली तर द्या, कारणांची परीक्षा न घेता. दुभाष्याचं जे काम झालं आहे ते तिच्या तासांत धरा. मागच्या तारखेपासून धरा. त्यावर कुणी नियम दाखवला तर अभ्यास मंडळाकडे दोन ओळींचं पत्र टाका, उत्तर येईपर्यंत विभागाच्या पातळीवर नोंद ठेवा.

आता प्राचार्य. "गोंयांत असलें कांय ना" हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो आहे, आणि ते म्हणणारा माणूस बहुधा मनाने वाईट नसतो. आपण सण एकत्र साजरे करतो, एकमेकांच्या घरी जेवतो, हे खरंच आहे. पण २०१३ साली एका नायजेरियन तरुणाचा पर्रा इथे खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीत महामार्ग अडवला, तेव्हा आपल्याच एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली होती. नंतर माफीही मागितली. वंश हा शब्द आपल्याकडे परका असता तर हे घडलंच नसतं. पोर्तुगीज अमलात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज सिद्दी आजही आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला राहतात. त्यांतले कितीतरी पूर्वज या गोव्यातूनच पळून गेलेले. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ साली, म्हणजे मुक्तीनंतर चार दशकांनी. आणि त्या समाजातली मुलं वर्गात कोकणी बोलली की उच्चारांवरून हसणारे अजूनही सापडतात. हे प्राचार्यांना सुनावायला जाऊ नका. वाद होईल, काम होणार नाही.

त्यांना दोन गोष्टी सांगा. पहिली कायद्याची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता विनियमांनी प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असं सांगितलं. त्यात जात-धर्मासोबत भाषा आणि वांशिक ओळखही आहे. आपल्याकडे तो अधिकारी कोण, असा साधा लेखी प्रश्न विचारा. प्राचार्यांना भावनेपेक्षा फाइल लवकर कळते.

दुसरी गोष्ट मुलीच्या प्रवेशाची. कुणीतरी नक्की म्हणणार की ती खुल्या प्रवर्गातून आली, मग तिच्यावर अन्याय कसला? लमाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत आहे, तेलंगणात अनुसूचित जमातींत, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. गोव्याच्या अनुसूचित जातींच्या यादीत पाचच नावं आहेत, आणि लमाणी त्यांत नाहीत. म्हणजे इथे जन्मलेली ही मुलगी कुठल्याच रकान्यात बसत नाही. तुमच्या आरक्षणाच्या तक्त्यात ती दिसणारही नाही, आणि वर्गात मात्र ती सगळ्यांना ठळक दिसते. ज्या विभागाला 'आमच्याकडे सगळे रोस्टर भरलेले आहेत' म्हणून निश्चिंत वाटतं, त्याने हे जरूर ध्यानात घ्यावं.

इथे आपल्या मराठी वाचकांना एक टोचणारं बोलतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आपण गोव्यात मराठीला योग्य जागा मिळाली नाही म्हणून तक्रार करत आलो आहोत. मीही करतो. पण आपली भाषा डावलली जाते तेव्हा काय वाटतं हे इतकं ठाऊक असलेल्या माणसांना कन्नड-लमाणीत बोलणारी बाई समोर आल्यावर ते आठवू नये? आणि 'घाटी' म्हणताना कोल्हापूर-बेळगावकडून आलेला मराठी मजूरही त्यात धरला जातो, हेही आपण सोयीस्करपणे विसरतो.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर सगळ्यात आधी केस-नमुना बदलला असता. मुलाखत कुठल्या भाषेत झाली, दुभाषी कोण, तो नात्यातला होता का. पेशंटचं काम, मजुरीचा प्रकार, घर ते केंद्र हा प्रवास. आजाराबद्दल तिचं स्वतःचं म्हणणं, शक्यतो तिच्याच शब्दांत. आणि फॉलो-अप चुकला तर आपल्या बाजूने काय चुकलं. याला इंटर्नल मार्कांपैकी चांगला वाटा द्या, दोन-तीन मार्कांची भीक घालू नका. 'नॉन-कंप्लायंट' शब्द वापरायचा असेल तर त्याच्या शेजारी कारण लिहायची सक्ती करा. हा बदल विभागाच्या एका बैठकीत होतो, त्याला अनुदान लागत नाही.

दुभाष्यासाठी मात्र पैसे लागतील. एखाद्या सत्रासाठी कन्नड जाणणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीला मानधन देणं अशक्य नाही. आपण दीपप्रज्वलनाच्या समयांवर, शालींवर किती घालवतो ते हिशेबात धरा. नसेलच जमत, तर दुभाष्याचं काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ते तास क्रेडिटमध्ये द्या. लहान मुलाला दुभाषी म्हणून बसवायचं नाही, हा नियम मात्र आजपासून, लेखी.

सुपरव्हिजनसाठी आपल्या गोव्यातलंच एक उदाहरण आहे, आणि गोव्यातलेच विभाग ते वापरत नाहीत याचं मला नवल वाटतं. १९९६ पासून इथे काम करणाऱ्या संगाथ संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्याच्या रीतसर चाचण्या घेतल्या. नैराश्य आणि घातक मद्यपानावरच्या कामाचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, जगभर वाचले गेले. त्या प्रशिक्षणात समुपदेशक एकमेकांच्या सेशनची रेकॉर्डिंग्ज गटात बसून ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर एकमेकांना गुण देत. तुमच्या वर्गात हे सहज होईल. पेशंटची संमती घेऊन, ओळख झाकून, आठवड्याला एक रेकॉर्डिंग. 'पेशंट बोलत नाही' असं लिहिणारा विद्यार्थी स्वतःचाच आवाज ऐकतो: ती बोलायला लागली की तो तिसऱ्या सेकंदाला मध्ये तोंड घालतोय. हे त्याला तुम्ही सांगून पटणार नाही. ऐकल्यावर सांगावं लागत नाही. आणि त्या गटात कन्नड जाणणारी तुमची विद्यार्थिनी असेल तर कदाचित पहिल्यांदाच वर्गाला कळेल की मूळ बोलण्यातलं किती गळून गेलं. तिथे ती तिच्या कौशल्याने बोलेल. किती बोलायचं ते ती ठरवील.

तोंडी परीक्षेकडेही बघा. दिल्लीच्या एम्समधल्या जातिभेदाच्या तक्रारींवर नेमलेल्या थोरात समितीने २००७ मध्ये दिलेल्या अहवालात प्रात्यक्षिक आणि व्हायवात डावललं जात असल्याच्या तक्रारी ठळकपणे आल्या होत्या. लेखी पेपरावर नंबर असतो, व्हायवात चेहरा, आडनाव आणि इंग्रजीचा उच्चार असतो. एक बाहेरचा परीक्षक, आधी ठरवलेले प्रश्न, आणि कोकणी-मराठीत उत्तर द्यायची मुभा, एवढं तरी करता येतं. पेशंटशी ज्या भाषेत बोलायचं त्या भाषेत परीक्षा दिली तर दर्जा घसरतो, हे मला कधीच पटलेलं नाही. प्रवेशाच्या मुलाखतीलाही हेच लागू.

बी.एड., नर्सिंग किंवा कायद्याच्या अभ्यासक्रमाला शिकवणारे वाचक असतील तर त्यांनीही आपापली लॉगबुकं तपासावीत. झुआरीनगर किंवा मोतीडोंगरसारख्या स्थलांतरितांच्या वस्तीतल्या शाळेत सराव पाठांना कुणाला धाडलं जातं आणि पणजीत कुणाला. कायदा सहाय्य केंद्रात परप्रांतीय मजुराचं काम कुणाच्या गळ्यात पडतं. प्रश्न थोडेफार हेच निघतील.

राहिला तो मुलगा. जाहीर माफी मागायला लावू नका. तो चिडेल, वर्ग त्याच्या बाजूने होईल आणि सगळ्यांच्या नजरा पुन्हा तिच्याकडे वळतील. पण गप्पही बसू नका. वर्ग हसला तेव्हा तुम्ही तिथे होता, आणि तुम्ही त्या वेळी काय केलंत हे पत्रात नाही. पुढच्या तासाला, तिचं नाव न घेता, सरळ म्हणा: त्या दिवशी जे बोललं गेलं ते व्यवसायाला न शोभणारं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते न तपासता बोललं गेलं. एवढंच. भाषण नको.

मग त्याला ते तपासायचं काम द्या. केंद्राच्या रजिस्टरातून पहिल्या भेटीनंतर न आलेले पेशंट काढायचे, सगळ्या समाजांतले. केंद्राच्या आरोग्य सेविकेमार्फत, पेशंटची तयारी असेल तरच, फोनवर कारण विचारायचं. घरी जायचं नाही. त्या चाळींत भिंतीला भिंत लागून असते, कोण कशासाठी आलं ते शेजाऱ्यांना लगेच कळतं. कोण किती आलं, का नाही आलं, हे त्याने मूळ केसइतक्याच मार्कांना वर्गात मांडायचं. कदाचित स्थानिक पेशंटही तितकेच गळालेले निघतील. कदाचित खरोखरच स्थलांतरित जास्त गळालेले निघतील, आणि मग का, याचं उत्तर त्यालाच शोधावं लागेल. दोन्हींतलं काहीही निघो, ते विभागाच्या पुढच्या बैठकीत ठेवा आणि ओपीडीची वेळ बदलता येईल का हे केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. हे सगळं याच सत्रात करा, कारण जूनमध्ये ही बॅच निघून जाईल आणि नवी बॅच जुन्याच छापील नमुन्यावर केसेस लिहायला लागेल.